वीस वर्षांची उचल

आमच्याकडचं पोरगं इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागलं की पहिल्या दिवाळीला गावात पगार विचारतात. दुसऱ्या दिवाळीपासून प्रश्न बदलतो: "फ्लॅट घेतला का?" माझ्या अशा सहा दिवाळ्या झाल्या. मी बीड जिल्ह्यातल्या तेलगावचा. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते जिथे एकमेकांना कापतात तिथलं हे साखर कारखान्याचं गाव. वाकडला भाड्याने राहतो, सॉफ्टवेअर लिहितो, महिन्याला हातात ९५ हजारांच्या आसपास पडतात. आणि मी फ्लॅट घेणार नाही. "बघू पुढच्या वर्षी" असं गुळमुळीत उत्तर देऊन कंटाळलो, म्हणून एकदा नीट भांडायचं ठरवलंय. भांडण दोन्ही बाजूंशी आहे.

पहिली बाजू वडीलधाऱ्यांची. "भाडं भरायलास म्हंजी पैसे पाण्यात घालायलास," हे आमच्या दादांचं वाक्य. (वडिलांना आम्ही दादा म्हणतो.) हेच वाक्य वाकड-पुनावळ्यातल्या कुठल्याही बिल्डरच्या सेल्स ऑफिसात जरा गुळगुळीत भाषेत आणि थंड कॉफीसोबत ऐकायला मिळतं. दुसरी बाजू माझ्या पिढीतल्या एक्सेलवाल्यांची. त्यांच्या शीटमध्ये एका कॉलमात हप्ता, दुसऱ्यात भाडं आणि उरलेल्या फरकाची एसआयपी असते. ती वर्षाला १२ टक्क्यांनी वीस वर्षं न चुकता वाढते. शेवटी भाड्याने राहणारा कोट्यधीश होतो आणि घर घेणारा मूर्ख ठरतो. या बाराचा आकडा कुठून आला असं विचारलं तर ते मागच्या वीस वर्षांकडे बोट दाखवतात, बिल्डरही घराच्या किमतींबद्दल तेच करतो.

आधी आकडे उरकून घेतो, कारण ते अवघड नाहीत. समजा वाकडला ७५ लाखांचा, बांधकाम चालू असलेला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. बँक ८० टक्के देते, म्हणजे ६० लाख. उरलेले १५ लाख आपले. वर पुरुषाच्या नावावर घेतलं तर मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के मुद्रांक शुल्क, ५ लाख २५ हजार. जीएसटी ५ टक्के, ३ लाख ७५ हजार. नोंदणी फी ३० हजार. एकूण २४ लाख ३० हजार रुपये रोख जवळ असल्याशिवाय दारातसुद्धा उभं राहता येत नाही. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो ५२ हजार ६९ रुपये. तसाच फ्लॅट त्याच रस्त्यावर २५ हजारांत भाड्याने मिळतो.

आता "पाण्यात" जाणाऱ्या पैशांचं बघू. पहिल्या महिन्याच्या ५२ हजारांतले साडेबेचाळीस हजार निव्वळ व्याज असतं. मुद्दल फिटतं साडेनऊ हजार. पाच वर्षांत बँकेकडे ३१ लाख २४ हजार भरले तर कर्ज कमी होतं ७ लाख १२ हजारांनी. हप्त्यातलं मुद्दल व्याजापेक्षा जास्त व्हायला बारावं वर्ष सरत येतं. म्हणजे मालकाला २५ हजार दिले तर पाण्यात, आणि बँकेला साडेबेचाळीस हजार दिले तर "आपल्याच घरात". बँकेचं भाडं भरणाऱ्याला आपण घरमालक म्हणतो, एवढाच काय तो भाषेचा फरक. करात सूट मिळते हे सांगणारेही अजून भेटतात. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावरची २ लाखांपर्यंतची वजावट नव्या करपद्धतीत मिळत नाही, आणि बहुतेक पगारदार तिकडे गेले, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं.

आणि व्याजदर साडेआठच राहील असं कुणी सांगितलं? २०२१ साली बँका पावणेसात टक्क्यांच्या आसपास कर्ज देत होत्या. माझ्या दोन सहकाऱ्यांनी तेव्हा घेतलं. "यापेक्षा स्वस्त कधीच मिळणार नाही" हे खरंच होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. ५० लाखांवर पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३८ हजार होतो. त्याच ५० लाखांचं सव्वानऊ टक्क्यांनी एका महिन्याचं नुसतं व्याजच साडेअडतीस हजार. म्हणजे जुनाच हप्ता भरत राहिलं तर कर्ज फिटणं सोडा, दर महिन्याला वाढतं. रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना लेखी सांगावं लागलं की दर बदलल्यावर त्याचा हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवा, निवड करू द्या, आणि मुदत वाढवताना मुद्दल फुगणार नाही हे बघा. एवढं बजावावं लागतं, म्हणजे आधी काय चाललं होतं याचा अंदाज यावा.

न फिटणाऱ्या कर्जाला आमच्या भागात जुना शब्द आहे. उचल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तेलगावला स्वतःचा सहकारी कारखाना आहे, तरी जातात. मजुरीचा हिशोब माणशी नसतो, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. हंगामाच्या आधी, पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा, मुकादम कोयत्यामागे उचल देतो. पैसे खर्च होतात घरात, लग्नात, दवाखान्यात. मग हंगामभर टनावारी तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या खात्यावर. माझे आजी-आजोबा कोयत्यावर जायचे, एक चुलते अजून जातात. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. मागच्या वर्षी मी त्यांना सहज विचारलं की उचल फिटली का, तर म्हणाले, "ती फिटायसाठी नसतीय रं. पुढच्या साली यावा म्हणून असतीय."

मी हे गृहकर्जाशी जोडतो तेव्हा मित्र चिडतात. एसी ऑफिसात बसणाऱ्याने स्वतःची तुलना ऊसतोड मजुराशी करणं त्यांना अश्लील वाटतं. चिडणं रास्त आहे. मला कुणी मारत नाही, फडातून पळून गेलो तर माझ्या बायकापोरांना कुणी अडकवून ठेवत नाही, पहाटे तीनला गाडी भरायला उठावं लागत नाही. दुःखाची तुलना मी करतही नाही. मी व्यवहाराच्या रचनेबद्दल बोलतोय. आज हातात नसलेली मेहनत आजच विकून टाकायची, आणि मग ती करण्याला पर्याय उरत नाही, हा भाग दोन्हीकडे सारखा आहे. ज्याच्यावर ५२ हजारांचा हप्ता आहे तो मॅनेजरला उलट बोलत नाही. हिंजवडीची नोकरी सोडून खराडीची घेताना रोज पुण्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं का हे त्याला आधी बघावं लागतं. कंपनीने माणसं कमी करायला सुरुवात केली की कुणावर कर्ज आहे आणि कुणावर नाही हे चेहऱ्यावरून ओळखू येतं. आमच्या टीममध्ये २०२३ साली मी ते पाहिलंय.

तात्यांना घरकुल मिळालंय. प्रधानमंत्री आवास योजनेचे १ लाख २० हजार, त्यात स्वतःचे घालून उभं केलेल्या दोन खोल्या, वर स्लॅब, बाहेर गुलाबी रंग. ते नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत कुलूपबंद असतं. तेवढे महिने तात्या आणि काकू बांबू, चटया आणि ताडपत्रीच्या कोपीत राहतात, कधी सांगलीकडे, कधी बेळगावकडे. कोपीला भाडं नाही, हप्ता नाही, दारही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार ग्रामीण भारतातली जवळजवळ ९५ टक्के कुटुंबं स्वतःच्या मालकीच्या घरात राहतात, शहरातली ६९ टक्के. मालकीचं घर हे स्थैर्याचं मोजमाप असतं तर वडवणीचा माणूस वाकडच्या माणसापेक्षा सुखी निघाला असता. घर आपलं असणं आणि घरात राहता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बीड जिल्ह्याला कुणी शिकवायची गरज नाही. तरीही पुण्यात आलेल्या आमच्या पोरांना मालकीचीच ओढ का, हा खरा प्रश्न, आणि एक्सेलवाल्यांकडे त्याचं उत्तर नाही.

उत्तराचा एक भाग मला फार उशिरा कुणीतरी बोलून दाखवला. माझा एक मित्र आहे, गेवराईकडचा. त्याने २०२२ मध्ये रावेतला फ्लॅट घेतला. मी त्याला माझी शीट दाखवली तेव्हा तो म्हणाला, "तुझं बरोबर असेल. पण माझ्या खात्यात दहा लाख शिल्लक आहेत हे कळल्यावर ते किती दिवस राहतील सांग." आमच्यासारख्या घरांत कमावणारा एक असतो आणि मागणारे पंधरा. बहिणीचं लग्न, चुलतभावाची फी, बोअर, ऑपरेशन. मागणारे लुच्चे नसतात, त्यांची गरज खरी असते, आणि नाही म्हणायला तोंड नसतं. "हप्ता चालू आहे" हे एकच कारण आहे जे ऐकून कुणी रुसत नाही. एसआयपी चालू आहे म्हणून बघा सांगून. गृहकर्ज हे आमच्याकडे नात्यांपासून पैसे वाचवायचं यंत्र आहे. घर घेण्याच्या बाजूने मी ऐकलेला हा सगळ्यात भक्कम युक्तिवाद, आणि तो ना बिल्डरच्या पुस्तिकेत सापडतो ना फायनान्सच्या व्हिडिओत. मला तो खोडता येत नाही. एवढंच म्हणतो की नाही म्हणायला शिकण्यासाठी ६५ लाख व्याज ही फी जास्त आहे.

दुसरा भाग मोठा आहे, आणि माझं खरं भांडण तिथे आहे. लोक घर विकत घेतात कारण भाड्याने राहणं असह्य केलेलं आहे. कुणीतरी केलेलं आहे. ते आपोआप तसं नाही.

अकरा महिने. पुण्यात मी सहा वर्षांत चार घरं बदलली. एकदा मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, एकदा मालकाने घर विकलं, एकदा नव्या करारात भाडं एकदम पाच हजारांनी वाढवलं. चौथं आत्ताचं. प्रत्येक वेळी पुन्हा तेच: एजंटला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, गॅस, पोलीस व्हेरिफिकेशन, सोसायटीचा अर्ज. आणि मुलाखत. फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज? आडनाव काय म्हणालात? आडनाव ऐकल्यावर थांबलेले फोन मी मोजलेले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगला सरपंचाची हत्या झाल्यापासून त्यात एक प्रश्न वाढलाय: "बीडचे? म्हणजे तिकडचेच का?" मी आता माजलगाव सांगतो, बहुतेकांना ते कुठे आहे माहीत नसतं. मुसलमान सहकाऱ्याची गोष्ट तर वेगळीच. तो पहिल्याच वाक्यात नाव सांगतो, म्हणजे पुढचा वेळ वाचतो.

हे अकरा महिने आले कुठून? नोंदणी कायदा १९०८ चा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, म्हणून नोंदणी टाळायची तर अकरा महिन्यांचा करायचा, ही देशभरची पळवाट. गंमत अशी की महाराष्ट्रात ही पळवाट १९९९ सालीच बुजवली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की कुठलाही भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर त्याला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं. म्हणजे अकरा महिन्यांच्या करारात आता काहीच वाचत नाही. मुद्रांक शुल्काच्या हिशोबात लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो. दर एकूण भाड्याच्या पाव टक्का. महिना २५ हजार भाड्याच्या पाच वर्षांच्या कराराला मुद्रांक शुल्क चार हजारांच्या आत आणि नोंदणी एक हजार. आम्ही अकरा महिन्यांनी पुन्हा पुन्हा एजंटला देतो त्यापुढे हे काहीच नाही.

मग पाच वर्षांचा करार कुणी का देत नाही? मालकाला विचारलं की तो म्हणतो, "भाडेकरू घर बळकावतात." या भीतीला जन्मतारीख आहे. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला गोठवली. मालकांनी दुरुस्त्या सोडल्या, पागडी सुरू झाली, आणि भाडेकरू नको म्हणून लोक "लायसन्स"वर घर देऊ लागले, कारण लायसन्सवाल्याला कायद्याचं संरक्षण नव्हतं. मग सरकारने कायदा दुरुस्त केला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो जो लायसन्सवर राहत होता त्याला एका फटक्यात संरक्षित भाडेकरू करून टाकलं. त्या दिवशी ज्यांचं घर गेलं त्यांच्या नातवंडांनी तो धडा अजून जपून ठेवलाय. पण १९९९ च्या कायद्याने हे सगळं उलटं केलं. कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपली की मालकाला ताबा घ्यायला वेगळा सक्षम प्राधिकारी आहे, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट भाडं भरावं लागतं. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरूसुद्धा नाही. त्याला फक्त आत असायची परवानगी आहे. कायद्याने मालकाला एवढं झुकतं माप दिल्याला पाव शतक उलटलं, तरी भीती १९७३ चीच. आणि त्या भीतीची किंमत मी दर अकरा महिन्यांनी टेम्पोवाल्याला देतो.

काही मालक तर घर देतच नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत १ कोटी ११ लाखांच्या आसपास घरं रिकामी मोजली गेली. वाकडला माझ्या समोरच्या इमारतीत रात्री किती खिडक्यांत दिवा नसतो ते मी बाल्कनीत उभा राहून मोजतो. ते काही संशोधन नव्हे, रिकामपणाचा उद्योग. त्यातले काही मालक दुबईत असतील, काही भाव वाढायची वाट बघत असतील. तेच लोक पुन्हा आम्हाला सांगणार की पुण्यात घरांची टंचाई आहे, आत्ताच घ्या.

जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात, आणि ते काही आपल्यापेक्षा चंचल किंवा गरीब म्हणून नव्हे. तिथे भाडेकराराला शेवटची तारीख नसणं हा नियम आहे, मुदतीचा करार अपवाद. मालकाला घर परत हवं असेल तर कायद्याला पटेल असं कारण द्यावं लागतं, उदाहरणार्थ स्वतःला राहायला हवंय. नोटीस किमान तीन महिन्यांची. भाडेकरू आठ वर्षं राहिला असेल तर नऊ महिन्यांची. आमच्या कंपनीचं म्युनिकला ऑफिस आहे. तिथल्या एका पन्नाशीच्या सहकाऱ्याला मी विचारलं की तू घर का नाही घेतलंस. त्याला प्रश्नच कळला नाही. तो एकोणीस वर्षं एकाच घरात राहतोय.

आपल्याकडे केंद्राने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडे कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात चांगलं बरंच आहे: राहत्या घराला दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नको, आत यायच्या आधी मालकाने चोवीस तास कळवायचं, तंट्यासाठी वेगळी यंत्रणा. मुदतीबद्दल मात्र तो म्हणतो, दोघांनी आपसांत ठरवावी. "आपसांत" या शब्दात सगळं आलं. दहा भाडेकरू रांगेत उभे असताना मालक आणि मी आपसांत काय ठरवणार? मुकादम आणि कोयताही आपसांतच ठरवतात.

इथे कुणीतरी म्हणेल, गावात तर असलं काही नव्हतं, माणसं शब्दावर राहायची. तेलगावच्या फाट्यावर दादांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. गाळा भाड्याचा. बावीस वर्षं झाली, कागद एकही नाही, गाळेवाल्याने कधी खाली कर म्हटलं नाही. हे ऐकून शहरातल्या लोकांचे डोळे पाणावतात. पण त्याच फाट्यावर कुठल्या जातीच्या माणसाला गाळा मिळतो आणि कुणाला हातगाडी लावावी लागते हेही बावीस वर्षांत बदललेलं नाही. शब्दावर चालणारी व्यवस्था शब्द कुणाला द्यायचा हे आधीच ठरवून बसलेली असते. म्हणून मला शब्द नको, कागद हवा. लांब मुदतीचा.

आता लग्नाचं. ते टाळून हा विषय पुरा होत नाही. बायोडाटात "पुण्यात स्वतःचा फ्लॅट" ही ओळ नसली तर आमच्याकडे मुलाचा बायोडाटा पुढे सरकत नाही. मागच्या उन्हाळ्यात एक स्थळ बरंच पुढे गेलं होतं. मुलगी केजची, स्वतः इंजिनिअर, आम्ही तीन वेळा भेटलो, बोललो, जमत होतं. तिच्या वडिलांनी दादांना एकच विचारलं, फ्लॅटचं काय. मी सगळा हिशोब समजावला. ते ऐकून घेत म्हणाले, "पोरीला दरसाली बिऱ्हाड उचलायला लावू का?" पुढे फोन आला नाही.

मुलीच्या बापांना हावरट म्हणणारे लेख पुष्कळ निघतात. मी त्यात भर घालणार नाही, कारण माणूस बरोबर बोलत होता. दर अकरा महिन्यांनी पत्ता बदलणाऱ्या घरात मुलाला शाळेत कसं घालायचं, म्हाताऱ्या आईवडिलांना कसं आणायचं, बाईने ओळखी कशा करायच्या? ते फ्लॅट मागत नव्हते, एक न हलणारा पत्ता मागत होते, आणि तो मिळायची दुसरी वाट या राज्यात ठेवलेलीच नाही. फक्त एक खोच आहे. असे फ्लॅट लग्नाआधी मुलाच्या नावावर होतात. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, आमच्या ७५ लाखांवर ७५ हजार. तरी खरेदीखतावर बाईचं नाव क्वचित दिसतं. जिच्या स्थैर्यासाठी एवढं चाललंय तिला मिळते ती पुन्हा आत असायची परवानगीच. तिच्या लायसन्सला फक्त मुदत लिहिलेली नसते.

ते स्थळ मोडल्यापासून दादांनी मनावर घेतलंय. आमची पाच एकर आहे, त्यातली रस्त्याकडची दोन विकायची, त्यात २४ लाखांचं भागेल असं त्यांनी ठरवूनच टाकलंय. गिऱ्हाईकही बघितलंय. आईला विचारलं का, तर म्हणाले, तिला काय विचारायचं. आईचं म्हणणं मला फोनवर कळलं: "इकून टाका. मग म्हातारपणी आमी कुठं, तुज्या गॅलरीत?" वाकडच्या सोसायटीला उन्हाळ्यात टँकर लागतो, तो खर्च मेंटेनन्समध्ये येतो. तेलगावच्या त्या दोन एकरांत विहीर आहे. टँकरच्या जिल्ह्यातली विहीर विकून टँकरच्या सोसायटीत घर घ्यायचं, आणि वर वीस वर्षं उचल फेडत बसायची. मी दादांना नाही म्हणालो. ते दोन महिने नीट बोलले नाहीत, अजूनही "तुज्या मनासारखं कर" यापुढे जात नाहीत.

सध्याच्या मालकांपुढे मी मार्चमध्ये प्रस्ताव ठेवलाय: साठ महिन्यांचा करार, दरवर्षी पाच टक्के वाढ, पहिली तीन वर्षं कुणीच सोडायचं नाही, त्यानंतर दोन्ही बाजूंनी तीन महिन्यांची नोटीस, शुल्क आणि नोंदणी माझ्याकडे. गृहस्थ भले आहेत, बँकेतून निवृत्त. चहा पाजला, कागद दोनदा वाचला. मग सांगू लागले, सदाशिव पेठेत त्यांच्या वडिलांच्या वाड्यात एक भाडेकरू होता, महिना अठरा रुपये भाडं, शेवटपर्यंत हलला नाही. मी कलम २४ काढून दाखवलं. म्हणाले, "ते आज आहे हो. उद्या सरकारने पुन्हा फिरवलं तर?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण एकदा फिरवलेलं आहे हे मीच त्यांना सांगितलं होतं. ते अठरा महिन्यांवरून चोवीसवर आलेत. मी साठवरून छत्तीसवर उतरलोय. एजंट वैतागलाय, त्याच्या मते आम्ही दोघंही वेडे आहोत. करार जूनच्या तीस तारखेला संपतो.